सातव्या नावाची जागा

किल्ल्याचा दरवाजा, ऑर्डनबरी
४ नोव्हेंबर १९५१

चि. एम्लिन यास हेस्टरताईचे अ. आ.

वि. वि. तुझं पत्र येईल येईल म्हणून तीन आठवडे वाट पाहिली. शेवटी म्हटलं, मोठी मी, तेव्हा मानपान मीच सोडावा. बाबांना माती द्यायला आलास आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीने संडरलंडला परत पळालास. तुझ्या गोदीतली जहाजं एका दिवसात तुझ्यावाचून बुडणार होती का रे?

बातमी अशी, की राखणदाराचं काम नगरपालिकेने मला दिलं. चारशे वर्षांत या दरवाजावर बाई उभी राहिलेली नाही, असं नगराध्यक्षांनी तीन वेळा ऐकवलं. मी म्हटलं, चारशे वर्षं राखणदारांचे चिखलाचे मोजे कोणी धुतले तेही दप्तरात लिहून ठेवा. त्यावर ते खोकले. खरं तर हे काम तुझं. युद्धावरून परत आलो की बाबांच्या हाताखाली उभा राहीन, असं तूच बोलला होतास, इथे स्वयंपाकघरात, माझ्या हातचा प्लमचा मुरंबा बोटाने चाटत. मग तुला जहाजांचे नकाशे काढायची नोकरी मिळाली, डोरीन मिळाली, आणि इथे आम्ही दोघंच उरलो. आता मी एकटी. संध्याकाळी चहाला दोन कप काढते आणि एक परत फळीवर ठेवते. लिहायचं नव्हतं, लिहून गेलं.

हजेरी मात्र एक दिवस चुकवलेली नाही. पाचाचे ठोके पडले की कंदील घेऊन कमानीखाली जाते. दगडी पाटीवरची सहाही नावं बाबांच्याच चालीत पुकारते, दर नावानंतर एक श्वास थांबते, आणि त्या मेलेल्या पहारेकऱ्याच्या वतीने मीच हजर म्हणते. सातवं नाव झिजून गेलंय. तिथे बाबा नुसते गप्प उभे राहायचे, आठवतं? मग पहारा उतरला, दार बंद, असं म्हणून अडसर घालायचे. मला ती गप्प राहायची जागा सोसवेना. घरात काय कमी शांतता आहे? म्हणून परवापासून सातव्या जागी मी तुझं नाव घालते. एम्लिन प्रॉबर्ट! अशी आरोळी ठोकते की खालच्या बाजारातला खाटीक मान वर करून बघतो. पायांनी नाही आलास, निदान नावाने तरी कामावर ये.

डोरीनला जप. तिला आता जड उचलू देऊ नकोस. कळावे, आणि आळस झटकून उत्तर लिहावे.

तुझी,
हेस्टरताई


संडरलंड
११ नोव्हेंबर १९५१

ती. हेस्टरताईस एम्लिनचा सा. न. वि. वि.

तुझी थप्पड टपालाने पोचली, गालावर वळ आहेत. चुकलं माझं. पण ताई, बाबांच्या खुर्चीकडे बघत त्या घरात आणखी एक दिवस काढणं मला जमलं नसतं. तू म्हणशील, मला बरं जमतं. तुला सगळंच जमतं, म्हणून तर आम्ही तुझ्यावर टाकून पळतो.

डोरीनला सहावा महिना लागला. खारवलेल्या माशाचा वास आला की भांडायला उठते, एरवी ठीक आहे. तिच्या आईने पाळणा आणून ठेवलाय, तो इतका मोठा की मीही मावेन.

आता एक गंमत. तुझं पत्र यायच्या आधीची, दोन तारखेची, शुक्रवारची. पाचाचा भोंगा व्हायला आला होता. मी एका मालवाहू बोटीच्या पुढच्या टोकाचा, नाळेचा, नकाशा काढत होतो. पुढचं आठवतं ते एवढंच, की आमचे साहेब समोर उभे आणि विचारताहेत, प्रॉबर्ट, हजेरी कोणाला देतोयस? मी म्हणे ताडकन उठलो, पश्चिमेच्या खिडकीकडे तोंड केलं आणि खणखणीत हजर म्हणालो. त्या खिडकीतून कोळशाच्या वखारीची भिंत सोडून काही दिसत नाही. आता कचेरीतला जो तो मला बघून हजर म्हणतो. त्यानंतर रोज पाचाच्या सुमाराला थोडी गुंगी येते. काम जास्त झालंय, दुसरं काय. डोरीनला सांगितलेलं नाही, नाहीतर ती एरंडेल पाजेल.

तर बाई, माझं नाव घेऊन बिनपगारी नोकर ठेवलास वाटतं! खुशाल पुकार. लोभ आहे तसाच राहू दे, मुरंब्याची बरणी आली तर वाढेलही.

तुझा,
एम्लिन


किल्ल्याचा दरवाजा, ऑर्डनबरी
२० नोव्हेंबर १९५१

चि. एम्लिन यास अ. आ.

वि. वि. मुरंबा वेगळा पाठवला आहे. साखर अजून मोजूनमापून मिळते, तेव्हा या खेपेला आंबट आहे. तोंड वाकडं न करता खा.

मिठाच्या गरम पाण्याने दिवसातून तीनदा गुळण्या कर. रविवारपासून तुझा घसा बसलाय. आणि तो पातळ कोट घालून फिरतोस तो आधी टाकून दे. भिंतीवर वारा फार लागतो.

इथे सगळं छान आहे. खरंच छान. परवा मिसेस टज भेटल्या. चर्चच्या मागे म्हाताऱ्यांची घरं आहेत ना, तिथे राहणाऱ्या. नव्वदी उलटली, पण जीभ शाबूत आहे. बाबांची खूप आठवण काढली. मग म्हणाल्या, हल्ली पाचच्या हजेरीनंतर तुझा चेहरा उजळलेला दिसतो, काय कारण? मी म्हटलं, थंडीने गाल लाल होतात. चहाचा दुसरा कप आता परत ठेवत नाही. खिडकीत ठेवते.

तू बरा आहेस ना? झोप नीट लागते ना? एवढंच लिही. बाकीचं नाही लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
हेस्टरताई


संडरलंड
१ डिसेंबर १९५१

ती. वन्संना डोरीनचा सा. न. वि. वि.

मी आजवर तुम्हाला नाताळच्या कार्डापलीकडे काही लिहिलेलं नाही. त्याबद्दल मागाहून रागवा. हे पत्र एम्लिनला न सांगता लिहिते आहे.

त्यांच्यात काहीतरी बिनसलंय. रोज पाच वाजले की असतील तिथे उभे राहतात आणि पश्चिमेकडे बघत बसतात. आधी मिनिटभर चालायचं, आता अर्धा-पाऊण तास जातो. हाक मारली तर ऐकू येत नाही. हात धरला तर नदीतून काढल्यासारखा गार लागतो. भानावर आले की विचारतात, चहा झाला का? मधलं काही आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, युद्धाची दगदग आता बाहेर पडतेय. वन्सं, मी युद्धावरून आलेली माणसं पाहिली आहेत. माझे दोन्ही भाऊ तसे आहेत. हे तसं नाही.

कारण बुटांना चिखल असतो. आमच्याकडचा चिखल काळा, कोळशाचा. हा तांबडा आहे. काल ते माझ्या डोळ्यांसमोर चुलीपाशी उभे होते, एक पाऊल हललं नाही, आणि खाली वाकून बघते तर तळव्याला ओला तांबडा चिखल. मी तो चाकूने खरवडून कागदात बांधला. सोबत पाठवते आहे. लग्नानंतर तुमच्याकडे आले होते तेव्हा किल्ल्याची भिंत याच रंगाची पाहिली होती, म्हणून तुम्हाला पाठवला.

आणि तुम्हाला कसं कळलं, त्यांचा घसा रविवारी बसला ते? मी लिहिलं नव्हतं, त्यांनी तर नाहीच. पत्र वाचून ते हसले. मला हसू आलं नाही.

काही माहीत असेल तर सांगा. माझं बाळ तीन महिन्यांत येईल, त्याला बाप हवा. मोठ्या आहात म्हणून हक्काने विचारलं, राग मानू नका.

तुमची,
डोरीन


किल्ल्याचा दरवाजा, ऑर्डनबरी
४ डिसेंबर १९५१, दुपार

सौ. डोरीन हिस हेस्टरचे अ. आ.

वि. वि. कागदाची पुडी उघडली आणि मी खुर्चीत बसूनच राहिले. तो चिखल इथलाच आहे. उत्तरेच्या बुरुजावर पाणी साचतं, तिथला.

तुझ्यापासून लपवत नाही. सातव्या जागी एम्लिनचं नाव पुकारलं त्या पहिल्याच संध्याकाळी वर भिंतीवरून कोणीतरी हजर म्हणालं. त्याच्या आवाजात. मी कंदील टाकून घरात पळाले. पण खरं सांगू? दुसऱ्या दिवशी पाच वाजायच्या आधीच कमानीखाली जाऊन उभी राहिले. आई गेली तेव्हा तो वर्षाचाही नव्हता. त्याला मी वाढवलं, त्याचं पहिलं बोलणं माझ्या मांडीवर झालं. तो आवाज रोज ऐकायला मिळतोय तर मिळू दे, त्याला काय कळतंय, असं मनाला समजावलं. त्याने पहिल्याच पत्रात कचेरीतली गंमत लिहिली तेव्हाच मला सगळं कळलं होतं. तरी मी नाव घेत राहिले. महिनाभर. मला भावाच्या जिवापेक्षा माझी संध्याकाळ मोठी झाली. याहून वाईट मी स्वतःबद्दल काय लिहू?

आजपासून बंद. आज पाचला सहा नावं घेईन आणि बाबांसारखी गप्प राहीन. घाबरू नकोस.

मला माफ कर असं म्हणायचं धाडस नाही.

हेस्टर


तार
संडरलंड, ५ डिसेंबर, सकाळी नऊ

काल पाचपासून परसात उभे, उजाडलं तरी. बर्फात. हलत नाहीत, ओळखत नाहीत. पत्र मिळालं. बंद करू नका. आज हाक मारा. पहारा उतरवा.
डोरीन


किल्ल्याचा दरवाजा, ऑर्डनबरी
९ डिसेंबर १९५१

सौ. डोरीन हिस अ. आ.

वि. वि. तुझी कालची चिठ्ठी पोचली. त्याला ताप नाही, बशीभर अंडी खाल्ली आणि तुझ्यावर ओरडला, हे वाचून मी टपालवाल्याला आत बोलावून केक खायला घातला. तो बिचारा नाताळ आला की काय म्हणून बघत राहिला.

तार मिळाली त्या दिवशी मी तडक मिसेस टजकडे गेले. त्यांची मावशी एकेकाळी या दरवाजाच्या राखणदाराची बायको होती. त्यांनी मला आधी मनसोक्त शिव्या दिल्या. मग म्हणाल्या, पाटी नीट बघितलीस का कधी? सातवं नाव झिजलेलं नाही ग बाई, खरवडलेलं आहे. एकदा नव्हे, अनेकदा. मी जाऊन बघितलं. अंगठा बुडेल एवढा खड्डा आहे तिथे. सातवा पहारेकरी शत्रूला दार उघडून देऊन निघून गेला, तेव्हापासून भिंतीला एक माणूस कमी पडतो. गप्प राहिलं की जागा रिकामी राहते. नाव घेतलं की ज्याचं घेतलं त्याला यावं लागतं. आणि एकदा आलेल्याला हाक मारली नाही, तर त्याचा पहारा उतरतच नाही, तो उभाच राहतो. म्हणून चार तारखेच्या रात्री तसं झालं. बाबांनी मला हे का सांगितलं नाही? माझ्यावर पाळी येईल असं त्यांना वाटलंच नसेल. सांगायचं ते तुझ्या नवऱ्याला सांगणार होते.

उपाय एकच, त्या जागी दुसरं नाव, आणि त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने हजर म्हणायचं. त्यांच्या मावशीनेही मुलासाठी तेच केलं होतं. तेव्हा पाच तारखेला एम्लिनच्या नावाने शेवटचा पहारा उतरवला, आणि सहा तारखेपासून सातवं नाव माझं घेते. किती सोपं, बघ ना! पुकारणारी मीच, हजर म्हणणारी मीच, आणि राहायलाही इथेच. पहाऱ्यावरच्या बाईला पहाऱ्यावर बोलावलं तर बिघडलं कुठे? मावशीचं पुढे काय झालं ते विचारलं, तर बाई चहात बिस्कीट बुडवत राहिल्या. त्यांना आता सगळं आठवत नाही.

एम्लिनला यातलं काही सांगू नकोस. तो धावत येईल. मी एवढी वर्षं त्याने यावं म्हणून झुरले, आता येऊ नये म्हणून सांगते आहे.

तुझी,
हेस्टर


संडरलंड
२४ फेब्रुवारी १९५२

ती. हेस्टरताईस सा. न. वि. वि.

तू आत्या झालीस! काल सकाळी मुलगी झाली. डोरीन छान आहे, पोरगी लाल आणि भांडखोर आहे, म्हणजे तुझ्यावर गेली. आम्ही तिचं नाव हेस्टर ठेवतोय. डोरीनचा फार हट्ट आहे. तुझं नाव काढलं की हल्ली तिचे डोळे भरतात. तुमचं दोघींचं एवढं मेतकूट कधी जमलं?

माझी ती गुंगी डिसेंबरात आली तशी गेली. साहेब म्हणतात, बाप होणार म्हटल्यावर शुद्धीवर आला.

तुझी मात्र पत्रं हल्ली चार ओळींची येतात आणि अक्षर हललेलं असतं. बोटं दुखतात का? ईस्टरला आम्ही तिघं येतो. चांगले आठ दिवस राहतो, पहिल्या गाडीने पळणार नाही. बाबांच्या खुर्चीत मी बसेन. तू फक्त मुरंबा काढून ठेव.

तुझा,
एम्लिन


किल्ल्याचा दरवाजा, ऑर्डनबरी
१ मार्च १९५२

चि. एम्लिन आणि सौ. डोरीन यांस अ. आ., आणि नव्या बाईसाहेबांना गालभर पापे

वि. वि. आनंदाने रडले. पण एक ऐका. माझं नाव ठेवू नका. ते नाव दरवाजाला लागतं. आईचं ठेवा, ऑल्वेन. माझं एवढं ऐकाच.

शाल विणते आहे. दोन बोटं राहिली. हात गार पडतात म्हणून वेळ लागतो. सपातांचा चिखल धुऊन धुऊन कंटाळले, तशाच ठेवते.

ईस्टर किती लांब आहे रे अजून?

तुमची,
हेस्टर


किल्ल्याचा दरवाजा, ऑर्डनबरी
४ नोव्हेंबर १९५२

ती. हेस्टरताईस एम्लिनचा सा. न. वि. वि.

तू ते पहिलं पत्र लिहिलंस त्याला आज बरोबर वर्ष झालं. हे कुठे टाकायचं ते ठाऊक नाही. पाटीखालच्या फटीत ठेवीन.

ईस्टरला दहा दिवस उरले असताना नगरपालिकेची तार आली. तू सकाळी कमानीखाली बाकावर बसलेली सापडलीस, मांडीवर विझलेला कंदील, खांद्यावर बाळाची शाल. डॉक्टर म्हणाले हृदय. बाबांशेजारी तुला ठेवलं. त्या संध्याकाळी पाच वाजले तेव्हा पुकारायला कोणी नव्हतं, म्हणून मीच उभा राहिलो. सहा नावं घेतली, सातव्याला बाबांसारखा गप्प राहिलो, अडसर घातला. रात्रभर वर कोणीतरी येरझाऱ्या घालत होतं. पहाटे खोकल्याचा आवाज आला. ताई, तुझा खोकला मी ओळखणार नाही का?

सकाळी डोरीनने मला सगळं सांगितलं, तुझी पत्रं पुढ्यात ठेवली. मी तिच्यावर ओरडलो, भिंतीवर डोकं आपटलं, आणि पाचला परत जाऊन तुझं नाव घेतलं. तू हजर म्हणालीस. हात धुऊन जेवायला ये म्हणायचीस ना, त्याच सुरात. मी पहारा उतरला म्हटलं आणि वरची पावलं थांबली. मग घरात येऊन गोदीला राजीनामा लिहिला.

मिसेस टजना विचारलं, मावशीचं पुढे काय झालं? या वेळी त्यांनी सांगितलं. ती पुढच्या ईस्टरला गेली. नवऱ्याने तिचं नाव एकतीस वर्षं पुकारलं, एकाही संध्याकाळी शहर सोडलं नाही. तो गेला त्याच दिवशी तिचा आवाज थांबला. मग लोकांनी पाटीवरचं तिचं नाव खरवडलं. म्हणजे तुला सोडवायचा रस्ता आहे, फक्त लांबचा आहे. डोरीनला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग लोकरीचे मोजे जास्त विणायला हवेत.

ऑल्वेन रांगते. पाचाचे ठोके पडले की खिडकीपाशी जाते आणि वर बघून हसते. तू विणलेली शाल मी सकाळी बुरुजाच्या खिळ्याला अडकवतो. दुसऱ्या दिवशी काठ ओला असतो, तांबडा चिखल लागलेला. डोरीन तो रोज धुते.

काल पोरीला ताप होता, मला दोन मिनिटं उशीर झाला. धावत येऊन सहा नावं कशीबशी घेतली, आणि सातवं घ्यायच्या आत तूच चिडून हजर म्हणालीस. मला आधी हसू आलं. मग पहारा उतरला म्हणवेना. म्हटलं की तू जातेस ना. किती वेळ तसाच उभा होतो, डोरीनने येऊन बाही ओढली तेव्हा म्हणालो. तेवढा वेळ तुला थंडीत ताटकळवलं, माफ कर. तूही मला महिनाभर असंच धरून ठेवलं होतंस. तेव्हा मला राग आला होता. आता नाही.

चहाचा दुसरा कप खिडकीत ठेवला आहे. पाचला दहा कमी आहेत, कंदिलाची काच पुसायची राहिली आहे. कळावे, लोभ आहेच. उत्तराची वाट पाच वाजेपर्यंत बघतो.

तुझा,
एम्लिन